तहान रोजाची की साखरेची?

रमजान सुरू झाला की तुर्भ्याच्या घाऊक बाजारात खजुराची उलाढाल वाढते आणि संध्याकाळी फळे, भजी, सरबताचे ठेले गजबजतात. सहेरीपासून इफ्तारपर्यंत तेराएक तास पाण्याचा थेंबही न घेणाऱ्याला तहान लागणार, थकवा येणार, हे सगळेच गृहीत धरतात. त्यामुळेच मधुमेह लपून राहतो. सतत तहान, थकवा, रात्री वारंवार लघवीला उठणे ही त्याचीही लक्षणे आहेत. अनेकांना तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. जगभरात दर दहा मधुमेहींपैकी चारांहून अधिक जणांना आपला आजार माहीत नसतो. पाळीची नोकरी, बैठे काम आणि अवेळी जेवण अंगवळणी पडलेल्या नवी मुंबईने याकडे दुर्लक्ष करू नये.

इस्लामने आजारी माणसाला रोजातून सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. पण आजारच ठाऊक नसेल, तर सवलत घेणार कोण? नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा-बटाट्यावर काढणाऱ्यांनाही तपासणीची गरज तितकीच आहे.

तपासणी अवघड नाही. एचबीए१सी चाचणीतून मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. त्यासाठी उपाशीपोटी असावे लागत नाही, म्हणजे इफ्तारनंतरही रक्त देता येते. रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. आकडा ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आला, तर डॉक्टरांकडून निदान पक्के करून घ्यावे. ५.७ ते ६.४ म्हणजे धोक्याची सूचना. आहार आणि व्यायाम सांभाळून आजार टाळण्याची संधी अजून हातात असते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासण्याची सोय आहे.

महापालिकेने ही सोय लोकांच्या दारात न्यावी. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात आणि रविवारी सोसायट्यांमध्ये शिबिरे घेता येतील. इमामांनी खुतब्यात दोन वाक्ये याविषयी बोलावीत. आणि डॉक्टरांनी रोजा नको म्हटले, तर घरच्यांनी त्या माणसाला कमीपणा वाटू देऊ नये.