कन्झ्यूम

हल्ली कुणी पुस्तक वाचत नाही, गाणं ऐकत नाही. सगळे 'कंटेंट कन्झ्यूम' करतात. परवा पुतण्या म्हणाला, "काका, सध्या मी भीमसेन जोशी कन्झ्यूम करतोय." माझ्या अंगावर काटाच आला!

अहो, या शब्दाचं कूळ तरी बघा. मूळ लॅटिन, अर्थ साफ संपवून टाकणं. इंग्रजीत आग घर कन्झ्यूम करते. क्षयाला इंग्रज 'कन्झम्प्शन' म्हणत, कारण तो माणसाला आतून खातो. कवी कीट्स १८२१ साली रोममध्ये गेला तो यानंच, अवघ्या पंचविशीत. पुढे १८८२ साली रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, पण शब्दाला चिकटलेला जंतू काही गेला नाही. अर्थशास्त्रवाल्यांचं एक वेळ ठीक आहे. गहू दळला, खाल्ला, संपला. वीज जाळली, संपली, बिल तेवढं उरलं.

पण पुस्तक? लायब्ररीतली कादंबरी पन्नास जणांनी वाचली तर पानांचे कोपरे दुमडतात, समासात कुणीतरी 'अगदी खरं!' लिहून ठेवतो, पण अक्षर एक कमी होत नाही. यमन पिढ्यान्पिढ्या गातायत, त्यातला गंधार अजून जागेवर आहे.

या बाबतीत आपली मराठी शहाणी. १९८६ चा तो कायदा हिंदीत 'उपभोक्ता संरक्षण' झाला, मराठीत 'ग्राहक संरक्षण'. ग्राहक म्हणजे घेणारा, फस्त करणारा नव्हे. गुणग्राहक, रसग्रहण ही सगळी त्याच घरातली मंडळी. (ग्रहणही त्यातलंच. पण राहूसुद्धा चंद्राला गिळून थोड्या वेळानं सोडून देतो, कन्झ्यूम करत नाही!)

"शब्दात काय आहे हो?" असं विचारणारे भेटतातच. आहे ना! कन्झ्यूम करायचं म्हटलं की संपवायची घाई आली. विलंबित ख्याल दीडपट वेगानं ऐकणारा इसम मी या डोळ्यांनी पाहिलाय. बुवांनी आयुष्य घालवून जो संथपणा कमावला, तो यानं बोटाच्या एका टिचकीनं उडवला आणि वर म्हणतो, वेळ वाचला!

आणि संपतं कोण, तेही बघा. रात्री अकराला 'एकच क्लिप बघतो' म्हणून बसलेला माणूस दोन वाजता लाल डोळ्यांनी उठतो. झोप संपलेली, फोनची बॅटरी संपलेली, क्लिपा मात्र सगळ्या शिल्लक.