गुलाबी नाव, काळे फटकारे

मैत्रिणींनो, अमूर्त चित्र समोर आलं की आपला पहिला प्रश्न, "यात आहे तरी काय?" आमचं शेंडेफळही असे फटकारे मारील, असंही पुटपुटतो. आज अशाच एका चित्राविषयी सांगायचंय. ते एका बाईचं आहे, आणि त्यामागे मोडलेला संसार आहे. लग्न झालेलं नव्हतं. पण चोवीस वर्षांच्या सोबतीला दुसरं काय म्हणायचं?

जोन मिचेल ही १९२५ साली शिकागोत जन्मलेली चित्रकर्ती. पॅरिसमध्ये १९५५ साली तिची आणि ज्याँ-पॉल रिओपेल या कॅनडाच्या चित्रकाराची गाठ पडली. दोघंही नामवंत, दोघंही तापट. भांडणं, अबोला, पुन्हा एकत्र. १९७९ साली मात्र तो एका तरुणीबरोबर निघून गेला.

त्याच वर्षी तिनं 'ला व्ही आँ रोझ' रंगवलं. नाव एदित पियाफच्या गाजलेल्या प्रेमगीताचं. अर्थ, गुलाबी दिसणारं आयुष्य. काय टोमणा आहे पाहा! चार कॅनव्हास शेजारी शेजारी, मिळून रुंदी सुमारे बावीस फूट. नऊवारीपेक्षा पाचच फूट कमी! उंची नऊ फुटांवर. गुलाबी, जांभळट रंग धुक्यासारखे पसरलेत आणि मध्येच काळ्या फटकाऱ्यांचे पुंजके. त्याचा चेहरा नाही, तिचे अश्रू नाहीत. मला तर म्हणूनच ते पटतं. दुःखाला कुठं नाक-डोळे असतात? आपलं मन बिघडलं की भांडी जरा जोरात आपटतात, तसंच हे. फक्त हिच्या हातात कुंचला होता.

आणखी एक सांगते. पॅरिसजवळच्या व्हेतई गावातलं घर तिनं १९६७ साली, आईकडून मिळालेल्या पैशांतून घेतलं होतं. त्यामुळे तो गेला तरी डोक्यावरचं छप्पर आणि रंगवायची जागा तिची तिच्याकडे राहिली. बायकांनी हे जरूर लक्षात घ्यावं, बरं का. १९९२ साली ती वारली. तोवर ती रंगवत होती. चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आहे.

आणि तो? तिच्या मृत्यूची बातमी ऐकल्यावर त्यानं तीस चित्रांची एक मालिकाच काढली, लांबी चाळीस मीटरच्या वर. तो तिला थट्टेनं 'रोझा' म्हणायचा, ते नाव शीर्षकात आहे. तीही क्यूबेकच्या संग्रहालयात जपली आहे. पण ती पाहायला जोन कुठं होती?