मोघम

मंडळी, आज एका व्याख्येशी भांडायचं आहे.

"यंत्राला माणसासारखी बुद्धी देणारं शास्त्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता." कॉम्प्युटर सायन्सच्या पोरांच्या वहीत पहिल्याच पानावर हे वाक्य असतं. खाली ट्युरिंग १९५०, मॅकार्थी १९५५, डार्टमथ १९५६. मग चार फायदे, चार तोटे. झालं युनिट एक! आमचा भाचा इथल्याच एका कॉलेजात शिकतो. त्याला विचारलं, "अरे, मशीन चुकलं हे ओळखायचं कसं, ते कुठं लिहिलंय?" तर म्हणतो, "मामा, ते पेपरात येत नाही."

माझं भांडण इथंच आहे. आज एआय म्हणून जे काही चालतं त्यातलं बहुतेक सगळं अंदाज बांधणं आहे. फोटोत काय असावं, उद्या पाऊस यावा का, या शब्दापुढे कुठला शब्द यावा. चॅटबॉट सुद्धा मुळात पुढच्या शब्दाचाच अंदाज बांधतो. आणि अंदाज शिकवायचा तर पहिला धडा बुद्धीचा नको, चुकीचा हवा.

आम्हा वरवट बकालच्या लोकांना तर हा धडा घराजवळच मिळण्यासारखा आहे. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथली घटमांडणी इकडच्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगतो. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात अठरा धान्यं गोलाकार मांडतात. मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, पुरी, कुरडई. रात्रभर तिथे कुणी थांबायचं नाही. पहाटे धान्य किती हललं, ढेकूळ किती भिजलं हे बघून चंद्रभान महाराजांचे वंशज वर्षाचं भाकीत सांगतात. पाऊस, पीकपाणी, राजाची गादी, सगळं.

आता शहरातली शिकलेली मंडळी ढेकळांना हसतात. मी नाही हसत. उद्या कुणी दाखवून दिलं की ढेकळावरून सांगितलेला पाऊस वर्षानुवर्षं खरा ठरतो, तर मी ढेकूळ डोक्यावर घेईन. अंदाज कशावरून बांधला याने तो शास्त्रीय ठरत नाही, तो तपासता येतो का याने ठरतो. माझा आक्षेप एका शब्दाला आहे. तिथलं भाकीत ऐका. "ज्वारी सर्वसाधारण. कपाशी मोघम. पाऊस कुठे कमी, कुठे जास्त." आता सांगा, हे चुकणार कसं? पाऊस कुठे कमी, कुठे जास्त पडला नाही असं एक तरी साल दाखवा!

जे चुकूच शकत नाही, ते भाकीत नव्हे.

याच्याशेजारी हवामान खात्याला ठेवा. २०२५ च्या मे महिन्यात खात्याने आधीच सांगितलं, मान्सून केरळात २७ मे ला येईल, चार दिवस इकडे किंवा तिकडे. आला २४ ला. पास. २०१५ मध्ये तारीख दिली होती ३० मे, आणि मान्सून आला ५ जूनला. नापास. आणि ही २०१५ ची चूक खातं स्वतःच पुढच्या वर्षांच्या पत्रकांत छापत आलं आहे. पोरांनो, 'चार दिवस इकडे-तिकडे' हे तुमच्या विषयाचं पहिलं प्रकरण आहे, व्याख्या नव्हे.

आता आपल्या पऱ्हाटीकडे या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो धिंगाणा घातला तो कुणी विसरलेलं नाही. पुढे मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने 'कॉटनएस' नावाचं अ‍ॅप केलं. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा मोबाईलवर फोटो काढायचा, अ‍ॅप ते मोजतं आणि फवारायचं का ते सांगतं. आता एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, ही धोक्याची पातळी कृषिशास्त्रज्ञांनी आधीच ठरवलेली आहे. ती यंत्राने शोधलेली नाही. यंत्राचं काम मोजण्याचं. मग विचारायचं ते एवढंच, की मोजणीत किती चुकतं आणि कुठल्या बाजूला चुकतं. जास्त मोजलं तर फवारणीचा खर्च फुकट. कमी मोजलं तर बोंड गेलं. या दोन चुका सारख्या नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. हे चार फायदे-चार तोट्यांत कुठे बसतं?

आणि कुणी "आमचं मशीन ९५ टक्के अचूक" म्हणत आलं तर? शंभर बोंडं घ्या, पाचांत अळी आहे. मी डोळे मिटून प्रत्येकाला "अळी नाही" म्हणत गेलो तरी ९५ टक्के बरोबर! आणि धरलेल्या अळ्या किती? शून्य. तसंच ज्या फोटोंवर मशीन शिकवलं त्याच फोटोंवर परीक्षा घेतली, तर ती गाईडमधले प्रश्न जसेच्या तसे पेपरात येण्यासारखीच. पाठांतर मशीनलाही जमतं. म्हणून थोडे फोटो आधीपासून बाजूला ठेवायचे, त्याला दाखवायचेच नाहीत, आणि परीक्षा त्यांच्यावर घ्यायची.

कुणी म्हणेल, पोरांना आधी व्याख्या तर येऊ द्या. का बरं? राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. म्हणजे असली अ‍ॅपं घेऊन आपल्या बांधावर येणारी माणसं वाढणार, आणि त्यात आपलीच पोरं असणार. त्यांना चूक मोजता आली नाही तर ती 'मोघम'च विकतील, फक्त कॉम्प्युटरवरून. आणि शेतकरी ढेकळावर ठेवायचा तेवढाच विश्वास स्क्रीनवर ठेवेल.

म्हणून माझं म्हणणं, पहिलं प्रॅक्टिकल असं ठेवा. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळला जा. भाकीत वहीत उतरवा आणि त्यातलं किती तपासता येईल तेही लिहा. शेजारच्या रकान्यात हवामान खात्याचा अंदाज. तिसऱ्या रकान्यात "गेल्या वर्षी होता तेवढाच पाऊस", हा बिनडोक अंदाज. दिवाळीला संग्रामपूर तालुक्यातल्या पावसाचे आकडे आणा आणि तिघांना मार्क द्या. जो बिनडोकालाही हरवू शकत नाही, त्याला बुद्धिमान म्हणायचं नाही. मग तो ढेकूळ असो की कॉम्प्युटर.

खर्च एक वही आणि एसटीचं तिकीट. असो. पटलं नाही तर भांडायला या, फक्त मोघम भांडू नका.