२७,७२,३४८ : ताळा जुळतो, माणसांचे काय?

यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या किती? जनगणनेचे उत्तर आजही एकच आहे : २७,७२,३४८. हा २०११ चा आकडा. त्यात पुरुष १४,१९,९६५ आणि स्त्रिया १३,५२,३८३. ही बेरीज बरोबर आहे का, हे कॅल्क्युलेटरशिवायही पाहता येते.

नऊचा ताळा म्हणजे काय?

एकच अंक उरेपर्यंत संख्येतील अंकांची बेरीज करायची. पुरुषांच्या आकड्याची बेरीज ३५, म्हणजे ८. स्त्रियांची २५, म्हणजे ७. आठ आणि सात पंधरा, म्हणजे ६. एकूण आकड्याची बेरीज ३३, म्हणजे पुन्हा ६. ताळा जुळला. कारण सोपे आहे : १०, १००, १००० यांना ९ ने भागले की बाकी १ च उरते.

ताळा कुठे फसतो?

कुणी घाईत २७,२७,३४८ असे लिहिले, तर अंक तेच असल्याने ताळा जुळतोच. पण ४५ हजार माणसे कागदावरून नाहीशी होतात.

देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांच्या रीतीने पाहिले, तर ही संख्या 'स्वयंभू' नाही. २७,७२,३१८ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज, ३०, मिळवली की ती तयार होते. हे गुणधर्म कधीच बदलणार नाहीत. जिल्हा मात्र बदलला आहे.

प्रश्न रेशनचा

१ मार्च २०११ नंतर जन्मलेले एकही मूल या आकड्यात नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्यात ३,१४,०७७ माणसांची भर पडली होती. त्यानंतर मोजणीच झालेली नाही. तरीही २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार राज्यात किती जणांना स्वस्त धान्य द्यायचे, ती मर्यादा प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवरूनच ठरते. कोटा भरला की पात्र कुटुंबालाही जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते.

नवी जनगणना २०२७ मध्ये आहे. तिचे आकडे येईपर्यंत जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून काढलेली अंदाजित लोकसंख्या धरून कोटा वाढवणे, हाच न्याय्य मार्ग आहे. आणि सरकारी कागदावर २७,७२,३४८ हा आकडा छापताना शेजारी '२०११' हे वर्ष छापलेच पाहिजे. बेरीज बरोबर असली, तरी शिळ्या आकड्यावर आजचे धान्य वाटता येत नाही.