पिस्टन जुना ठेवावा की नवा घालावा?

जुनी गाडी निळसर धूर सोडू लागली, ऑइल वरचेवर कमी पडू लागले, की मेकॅनिक सांगतो, ‘‘इंजिन उतरवावे लागेल.’’ घरात लगेच खर्चाचा हिशेब सुरू होतो. ‘‘जुनेच पिस्टन दुरुस्त करून चालणार नाहीत का?’’ हा मालकाचा प्रश्न रास्त असतो. मात्र त्याचे उत्तर आधी सिलिंडरला विचारावे लागते.

प्रीमियर पद्मिनीचेच पाहा. मुंबईत टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी आजही आहेत. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनात ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर असतात. सिलिंडर बिडाचा, पिस्टन अॅल्युमिनियमचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून दोघांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची फट ठेवलेली असते. झिजेने ती वाढली की पिस्टन खडखडतो, ऑइल वर चढून जळते आणि गाडीची ताकद कमी होते.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या भागात तो जास्त झिजतो आणि लंबगोल होतो. झीज मर्यादेबाहेर गेली असेल, तर बोअरिंग करून तो पुन्हा गोल करावा लागतो. भोक मोठे झाल्यावर जुना पिस्टन सैल पडणारच. तेथे ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालणे हाच मार्ग.

सिलिंडरची झीज मर्यादेत असेल, तरच जुन्या पिस्टनचा विचार करावा. तो रॉकेलमध्ये भिजवून काजळी मऊ करावी आणि खाचा हलक्या हाताने साफ कराव्यात. कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नये. तो अॅल्युमिनियम खातो. मग खाचेत नवी रिंग बसवून फीलर गेजने फट पाहावी. पिनच्या भोकाजवळ तडा आहे का, हे तपासावे. पिस्टनचा व्यास पिनशी काटकोनात मोजावा, कारण पिस्टन मुळातच किंचित लंबगोल घडवलेला असतो.

काही वर्कशॉपमध्ये पिस्टनच्या खालच्या बाजूला दाब देऊन बारीक नक्षी उठवतात. धातू वर आल्याने फट कमी होते, पण उठलेले टोक लवकर झिजते. हा उपाय तात्पुरताच. तडा गेलेल्या किंवा वरची खाच रुंदावलेल्या पिस्टनचा मोह तर सोडूनच द्यावा. तो चालत्या इंजिनात फुटला, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

म्हणून होकार देण्यापूर्वी मालकाने चारही सिलिंडरची आणि पिस्टनची मापे कागदावर लिहून मागावीत व ती कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावीत. नुसते ‘‘चालेल, साहेब’’ एवढ्यावर इंजिन बंद करू देऊ नये.