घर घेण्यापूर्वी कागद पाहा!

मुंबईतील चाळ सोडून कल्याण-डोंबिवलीकडे स्वतःचे घर घेण्याचा विचार आपणांपैकी अनेकजण करीत आहेत. तो स्वागतार्हच आहे. परंतु स्थानक जवळ, शाळा चांगली, शेजार आपला, एवढेच पाहून आयुष्याची पुंजी कोणाच्या हाती देऊ नका. डोंबिवली परिसरातील 65 इमारतींसाठी बनावट परवान्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविण्यात आली होती. त्या पाडून टाकण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2024 साली दिला. विश्वासाने घर घेणाऱ्यांवरच बेघर होण्याची पाळी आली!

म्हणून केवळ नोंदणी क्रमांकावर विसंबू नका. बांधकाम परवानगी खरी आहे काय, हे महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारा. जमिनीचा सातबारा पाहा. घर तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. 2016 च्या रेरा कायद्यान्वये करार नोंदविल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

‘माणूस आपलाच आहे’ हा कागदाला पर्याय नव्हे. कागद मागणे हा अविश्वास नसून आपला हक्क आहे. तो बजावल्यावाचून एक पैही देऊ नका.