आमिषाचं प्लास्टिक अंदाजाने तापवू नका

ओहायोतलं अ‍ॅक्रन हे अमेरिकेचं टायरचं शहर. तिथल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सीमन या रसायनतज्ज्ञाने 1926 मध्ये कडक पीव्हीसी मऊ करण्याची पद्धत शोधली. त्याच शहरात 1949 मध्ये निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचं गांडूळ साच्यात घडवलं आणि पुढे मासेमारीचं आमिष म्हणून विकायला काढलं. आता जगभरचे हौशी मासेमार अशी आमिषं घरीच ओततात. कोकणच्या खाड्यांत जिताड्यासाठी आणि धरणांत मरळीसाठी मऊ प्लास्टिकची आमिषं वापरणारे आपल्याकडेही आहेत. ती घरी बनवण्याची हौस असेल, तर साच्याआधी चांगला थर्मामीटर घ्यायला हवा.

या कामाचा कच्चा माल म्हणजे प्लास्टिसोल, मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात कालवलेली पीव्हीसीची बारीक पूड. थंड असताना तो दुधासारखा पांढरा दिसतो. तापू लागला की आधी दाटतो, त्याच्या गाठी होतात आणि साधारण 160 ते 175 अंश सेल्सिअसला तो पुन्हा पातळ आणि पारदर्शक होतो. ओतायची वेळ हीच. 190 अंशांच्या पुढे मात्र तो पिवळा पडू लागतो, मग करपतो. म्हणजे चांगलं आमिष आणि वाया गेलेला माल यांत फरक जेमतेम पंधरा-वीस अंशांचा.

माल वाया जाणं हा यातला लहान तोटा. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतं. आच जास्त झाली की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि सुटलेला वायू उरलेल्या प्लास्टिकचं विघटन आणखी वेगाने घडवतो. डोळ्यांच्या आणि घशाच्या ओलाव्यात विरघळला की त्याचंच हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. अमेरिकेतल्या कारखान्यांत हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाख भागांत 5 भागांच्या वर क्षणभरही जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. घरच्या बंद खोलीत हे प्रमाण मोजणारं कोणी नसतं.

‘सवय झाली की नजरेला कळतं,’ असं काही जण म्हणतात. लाडवाच्या पाकाची तार बोटांवर पाहून कळते, कारण ती पाक बिघडण्याआधी दिसते. इथे पिवळेपणा दिसतो तोवर नुकसान झालेलं असतं. प्लास्टिसोलमध्ये उष्णता सोसण्यासाठी स्थिरक मिसळलेला असतो, पण तोही दर वितळवणीला थोडा थोडा खर्च होतो. उरलंसुरलं प्लास्टिक पुन्हा पुन्हा तापवलं की कालपर्यंत सोसलेली आच आज सोसत नाही. हा बदल नजरेने आधी ओळखता येत नाही.

भांड्याच्या डायलवरही विसंबता येत नाही. विजेच्या भांड्यात गरम होणारा भाग तळाशी असतो आणि त्याचा थर्मोस्टॅट धातूचं तापमान ओळखतो, आतल्या द्रवाचं नव्हे. तो बंद-चालू होत राहतो तसं द्रवाचं तापमानही खाली-वर होतं. रात्रभर थिजलेलं भांडं एकदम पूर्ण आचेवर ठेवलं, तर वरचा थर घट्ट असतानाच खालचा तळाला लागतो. इन्फ्रारेड बंदुकीला फक्त पृष्ठभाग दिसतो, त्यामुळे साय धरलेल्या द्रवाचं तापमान ती कमी दाखवते. उपाय एकच: मंद आचेने सुरुवात करायची, सतत ढवळायचं आणि द्रवात बुडणाऱ्या दांडीच्या थर्मामीटरने मोजायचं. मायक्रोवेव्हमध्येही ढवळण्यासाठी थांबत, थोडं थोडंच तापवायचं. तो मायक्रोवेव्ह पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

भारतीय हौशींना आणखी एक धोका आहे. बहुतेक माहिती अमेरिकेतून येते आणि तिथे आकडे फॅरनहाइटमध्ये सांगतात. त्यांचे 350 अंश म्हणजे आपले 177. तोच आकडा सेल्सिअस समजून कोणी भांडं लावलं, तर प्लास्टिक करपून खोली विषारी धुराने भरेल.

भीतीपोटी आच कमी ठेवणंही चूक आहे. पीव्हीसीचे कण नीट एकजीव झाले नाहीत तर आमिष ओढताच फाटतं, आणि गार द्रव साच्यातल्या बारीक शेपटीपर्यंत पोहोचत नाही. वजनासाठी मीठ घालणाऱ्यांनी ते कोरडं करून घ्यावं; कोकणाच्या दमट हवेत मिठाला लगेच पाणी सुटतं. त्या पाण्याची वाफ होऊन आमिषात बुडबुडे येतात आणि तापलेला द्रव अंगावर उडू शकतो.

म्हणून प्लास्टिसोल विकणाऱ्यांनी प्रत्येक बाटलीवर त्या मिश्रणाचं ओतण्याचं आणि करपण्याचं तापमान सेल्सिअसमध्ये, मराठीत छापावं. अमेरिकेतल्या बाटलीवरचा आकडा इथल्या कारखान्यांसाठीच्या प्लास्टिसोलला लागू होईलच असं नाही, कारण मिश्रणं वेगळी असतात. आणि हौशींनी हे काम स्वयंपाकघरातून बाहेर काढावं. मोकळी हवा, लांब बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि आम्लवायू अडवणारा मास्क एवढी तयारी झाल्याशिवाय भांडं तापवू नये. मुलांना तिथे फिरकू देऊ नये.